हक्काच्या पैशाला सहीची अट कशासाठी?

प्रति,
नोकरकपात करणाऱ्या कंपन्यांचे संचालक, त्यांचे मनुष्यबळ विभागप्रमुख आणि हे करार लिहून देणारे वकील यांस,

स. न. वि. वि.

माणसे कमी करावीत की करू नयेत, हा या पत्राचा विषय नाही. त्यावर माझे मत आहे, पण ते आज बाजूला ठेवतो. मला बोलायचे आहे ते त्यानंतर येणाऱ्या कागदाबद्दल. ‘तुमची भूमिका आता राहिलेली नाही’ असे सांगून झाल्यावर काही मिनिटांत माणसाच्या खासगी ईमेलवर दहा-बारा पानांची एक पीडीएफ येऊन पडते. कुणी तिला सेव्हरन्स ॲग्रीमेंट म्हणते, कुणी सेपरेशन ॲग्रीमेंट, कुणी नुसतेच एक्झिटचे कागद. माझ्या स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या निमित्ताने असे बरेच करार मी ओळ न् ओळ वाचले आहेत. कंपन्या वेगळ्या, वकील वेगळे, पण साचा एकच. त्या साच्यावर माझा आक्षेप आहे आणि तो मी जाहीरपणे नोंदवतो आहे.

पहिल्या पानावरच्या आकड्यापासून सुरुवात करू. समजा तिथे सहा महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम लिहिली आहे. ऐकणाऱ्याला वाटते, कंपनी बरी आहे, सहा महिने देते आहे. आता हा आकडा सोडवून पाहा. त्यातले दोन महिने नोटीस पिरियडचे, म्हणजे नियुक्तिपत्रात कबूल केलेले. एक महिना शिल्लक रजेचा. दीड महिना सेवेच्या वर्षांप्रमाणे कायद्याने द्यावीच लागणारी भरपाई. अर्धा महिना मागच्या तिमाहीत कमावलेला, मंजूर झालेला, फक्त खात्यात जमा व्हायचा राहिलेला इन्सेंटिव्ह. झाले पाच महिने. कंपनी आपणहून देते आहे तो उरलेला एक महिना. सही मात्र सहाच्या सहा महिन्यांवर मागितली जाते, आणि ‘या करारावर मुदतीत सही न झाल्यास वरील रक्कम देय राहणार नाही’ हे वाक्य त्याच पानाच्या तळाशी असते.

म्हणजे त्या माणसाचेच पाच महिन्यांचे पैसे ओलीस धरून त्याच्याकडून सही घेतली जाते. या एका गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसलो. पुढची सगळी जाचक कलमे याच्या आधारावर उभी आहेत. हक्काचे पैसे आणि सहीचे पैसे वेगवेगळ्या कागदांवर असते, तर निम्म्या लोकांनी तो करार शांतपणे वाचला असता, त्यावर प्रश्न विचारले असते, काहींनी तो सरळ परत केला असता. ते होऊ नये म्हणूनच दोन्ही रकमा एकत्र कालवल्या जातात.

यात मी नवे काही मागत नाही. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यात कलम २०६.५ आहे. देय असलेला पगार आधी चुकता केल्याशिवाय त्या पगाराबाबतचा दावा सोडून दिल्याची सही कर्मचाऱ्याकडून मागायची नाही, असे ते स्पष्ट सांगते. भारतात वेतन संहितेनुसार नोकरीवरून काढल्यावर किंवा कपात केल्यावर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे आहे. तिथेही सहीची अट नाही. न्यू जर्सी राज्याने एप्रिल २०२३ पासून मोठ्या नोकरकपातीत सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे एका आठवड्याचा पगार हा हक्कच करून टाकला. हा हक्क कर्मचाऱ्याने नुसत्या सहीने सोडून चालत नाही, त्याला सरकारी अधिकाऱ्याची किंवा न्यायालयाची मंजुरी लागते. आणि त्याला बाकीचे दावे सोडायला लावायचे असतील, तर त्यासाठी वेगळा, जादा मोबदला द्यावा लागतो. थोडक्यात, जे आधीच त्याचे आहे ते देऊन तुम्ही त्याच्याकडून काही विकत घेऊ शकत नाही. इतकी साधी गोष्ट कायद्यात लिहावी लागते, यातच तुमच्या करारांची अवस्था कळते.

दुसरी गोष्ट मुदतीची. पाच दिवस, तीन दिवस, कधी तर ‘उद्या संध्याकाळपर्यंत’. ज्याला आज सकाळपर्यंत नोकरी होती त्याने उद्या संध्याकाळपर्यंत वकील शोधायचा, त्याला कागद दाखवायचे, हिशेब तपासायचा, घरी सांगायचे आणि सही करायची. घरी कसे सांगायचे यातच बहुतेकांचा पहिला दिवस जातो.

अमेरिकेत १९९० साली एक कायदा झाला. चाळीस किंवा त्याहून अधिक वयाच्या कर्मचाऱ्याकडून वयावरून झालेल्या भेदभावाचा दावा सोडवून घ्यायचा असेल, तर त्याला विचार करायला किमान २१ दिवस द्यावे लागतात. एकाच वेळी अनेकांना काढले असेल तर ४५ दिवस. सही केल्यावरही सात दिवसांत ती मागे घेता येते. वकिलाचा सल्ला घ्या, असे लेखी सांगावे लागते. करार त्या माणसाला कळेल अशा भाषेत असावा लागतो. सामूहिक कपात असेल तर कोणत्या पदांवरच्या, कोणत्या वयाच्या लोकांना निवडले आणि कोणाला ठेवले, ही यादीही द्यावी लागते. या अटी न पाळता घेतलेल्या सहीचे काय होते, हे १९९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऊब्रे विरुद्ध एन्टर्जी या खटल्यात सांगितले. त्या कर्मचारी महिलेला विचार करायला १४ दिवस मिळाले होते आणि सही मागे घेण्याची मुदत दिलेली नव्हती. तिने सही केली, हप्त्यांनी ६,२५८ डॉलर घेतले आणि नंतर वयाच्या भेदभावाचा दावा लावला. कंपनीचे म्हणणे, पैसे घेतलेत तर आता दावा कसला? न्यायालयाने ते मानले नाही. कायद्याच्या अटी पाळलेल्या नसतील तर ती सही त्या दाव्याला अडवू शकत नाही, आणि दावा लावण्याआधी पैसे परत करण्याचीही गरज नाही, असा निकाल दिला.

हे संरक्षण फक्त चाळिशीच्या पुढच्यांना आणि फक्त वयाच्या दाव्यापुरते आहे. पंचवीस वर्षांच्या मुलीला विचार करायला कमी दिवस पुरतात, असे तुम्हाला खरोखर वाटते का? पहिल्याच नोकरीतून काढलेल्या मुलांना असा कागद आयुष्यात पहिल्यांदा दिसतो. त्यांना २१ दिवस द्यायला कोणत्याही कायद्याने तुम्हाला मनाई केलेली नाही.

आता ज्या गोष्टीचा मला सर्वांत जास्त राग आहे ती सांगतो. करारात एक कलम हमखास असते: ‘कर्मचारी मान्य करतो की त्याला सर्व वेतन, भत्ते, रजा आणि इतर देणी मिळाली असून कंपनीकडून कोणतेही येणे बाकी नाही.’ हे लिहून द्यायचे तर ते तपासायला नको? आणि तपासायचे कशाने? बातमी दिल्याच्या क्षणी लॅपटॉप लॉक होतो, मेल बंद होते, पोर्टलचे लॉगिन जाते. पगाराच्या पावत्या, बोनसचे पत्र, मूल्यांकनाचे शेरे, जादा कामाची टाइमशीट, रजेचा हिशेब, सगळे कंपनीच्या सिस्टिममध्ये. माझ्या एका सहकाऱ्याने एकच प्रश्न विचारला होता: सिस्टिममध्ये माझी अठरा दिवस रजा शिल्लक होती, इथे अकरा कशी? उत्तर आले, ‘कृपया पोर्टलवरील नोंदीचा स्क्रीनशॉट पाठवा.’ पोर्टल त्याला उघडतच नव्हते. त्याने तसे कळवले. मग आठवण करून देणारी मेल आली, की सहीची मुदत उद्या संपते आहे. त्याने अकरा दिवसांवर सही केली. घराचा हप्ता होता, दुसरा मार्ग नव्हता.

सुरक्षेसाठी लॉगिन बंद करावे लागते हे मला मान्य आहे. गुपिते जपायची असतात, रागाच्या भरात कुणी काही डिलीट करू नये अशी काळजी असते. मग त्या माणसाचे स्वतःचे कागद तरी त्याला द्या. पावत्या, टाइमशीट, रजेची नोंद, शेअरचे पत्र, विम्याचे तपशील हे सगळे करारासोबतच जोडून पाठवा. तुमच्या सिस्टिममधून ते काढायला किती वेळ लागतो हे तुम्हालाही माहीत आहे. पुरावा आपल्या कपाटात कुलूपबंद ठेवायचा आणि समोरच्याकडून ‘माझे काही येणे नाही’ असे लिहून घ्यायचे, याला मी फसवणूकच म्हणेन.

याच कलमाच्या आसपास ते मोठे मुक्तिपत्र असते. ज्ञात आणि अज्ञात, आजवरचे सर्व दावे सोडून देत आहे, असे. अज्ञात म्हणजे ज्याची त्या माणसाला अजून कल्पनाही नाही, असा दावा. निवडीत भेदभाव झाला होता हे त्याला सहा महिन्यांनी कळले, तरी तो दावा त्याने आजच सोडलेला असतो. नोटीस, सल्लामसलत, भरपाई यांचे नियम आधी मोडायचे आणि मग मुक्तिपत्र घेऊन ते मोडणे पुसून टाकायचे, हा हिशेब काही कंपन्या सरळ मांडतात. १७ मार्च २०२२ रोजी ब्रिटनमध्ये पी अँड ओ फेरीज या कंपनीने जवळपास ८०० खलाशी आणि कर्मचाऱ्यांना एका ध्वनिचित्रफितीतून काढल्याचे कळवले आणि त्यांच्यापुढे समझोत्याची रक्कम ठेवली. काही दिवसांनी संसदीय समितीपुढे कंपनीच्या प्रमुखांनी कबूल केले, की कामगार संघटनांशी आधी सल्लामसलत करणे कायद्याने बंधनकारक होते आणि ती न करण्याचे आम्ही ठरवले. कायदा मोडण्याची किंमत आधी काढली आणि ती भरपाईत धरली. अशा वेळी मुक्तिपत्राचे काम काय उरते, ते वकिलांना मी समजावून सांगायला नको.

मग राजीनामा. कपात कंपनी करते आणि कागदावर मात्र ‘वैयक्तिक कारणास्तव’ राजीनामा हवा असतो. तो दिला तर अनुभव प्रमाणपत्र नीट मिळेल, पुढच्या ठिकाणी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला अडचण येणार नाही, असे गोड आवाजात सांगितले जाते. नाही दिला तर काय, हे सांगितले जात नाही, पण ते समजते. राजीनाम्याने कपातीबाबतचे कायदे लागू होण्याचा प्रश्नच मिटतो, जिथे बेरोजगारी विमा आहे तिथे तो मिळण्यात अडथळा येतो, आणि कंपनीच्या आकडेवारीत कपात दिसतही नाही. ज्या माणसाने राजीनामा दिलेला नाही त्याच्याकडून तो दिल्याचे लिहून घेणे हे खोटे कागद तयार करणे आहे. याला दुसरे सौम्य नाव मी देणार नाही.

तोंड बंद ठेवण्याच्या कलमांवर बरेच बोलता येईल. करारातली रक्कम कुणाला सांगायची नाही, करार झाला हेही सांगायचे नाही, कंपनीबद्दल, तिच्या अधिकाऱ्यांबद्दल, उत्पादनांबद्दल कधीही, कुठेही वावगे बोलायचे नाही. ‘कधीही’ला शेवटची तारीख नसते. कंपनीवर मात्र त्या माणसाबद्दल गप्प राहण्याचे बंधन बहुतेक वेळा नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मॅक्लॅरेन मॅकोम्ब प्रकरणात यावर निर्णय दिला. मिशिगनमधल्या त्या रुग्णालयाने ११ कर्मचाऱ्यांना कायमचे घरी पाठवताना अशीच कलमे असलेले करार पुढे केले होते. मंडळाने म्हटले, सही झाली की नाही हा पुढचा प्रश्न. असा करार नुसता देऊ करणे हाच कर्मचाऱ्यांच्या हक्कांचा भंग आहे. अपील न्यायालयाने २०२४ मध्ये त्या प्रकरणातला आदेश कायम ठेवला, मंडळाच्या व्यापक तत्त्वावर मात्र मत देण्याचे टाळले. शिवाय व्यवस्थापक आणि पर्यवेक्षकांना हे संरक्षण नाही. तरीही मंडळाने बोट नेमक्या ठिकाणी ठेवले. एकाच दिवशी काढलेले लोक एकमेकांना रक्कम सांगू शकले नाहीत, तर कुणाला किती कमी मिळाले, कुणाला का निवडले, हे कधीच कुणाला कळणार नाही. एकीकडे कायदा म्हणतो निवडीची यादी द्या, आणि दुसरीकडे तुमचे कलम म्हणते एकमेकांशी बोलू नका.

गैरव्यवहाराची माहिती देणाऱ्यांचे तोंडही याच कागदाने बंद केले जाते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने एका कंपनीला २,६५,००० डॉलर दंड केला, कारण तिच्या सेव्हरन्स करारांत नियामकाला माहिती दिल्याबद्दल मिळणारे बक्षीस सोडून देण्याची अट होती. किती विचार करून लिहिली असेल ती अट! माहिती देऊ नका असे थेट म्हणायचे नाही, पण दिलीत तर हाती काही लागणार नाही अशी सोय करून ठेवायची.

वकीलमंडळींना स्वतंत्रपणे एक विचारायचे आहे. नोकरी संपल्यावर वर्षभर स्पर्धक कंपनीत जायचे नाही, हे कलम तुम्ही अजूनही का लिहिता? भारताच्या १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ असे बंधन शून्य ठरवते. कॅलिफोर्नियातही हाच नियम १८७२ पासून चालत आला आहे. तो असूनही कंपन्या ते कलम छापत राहिल्या, म्हणून तिथल्या विधिमंडळाला नवा कायदा करून, जुन्या कर्मचाऱ्यांना ‘तुमच्यावरचे हे बंधन निरर्थक आहे’ असे १४ फेब्रुवारी २०२४ पर्यंत लेखी कळवा, असे कंपन्यांना सांगावे लागले. जिथे ते टिकणार नाही हे तुम्हाला पक्के माहीत असते, तिथेही ते करारात असते, कारण ते वाचून घाबरणाऱ्याला ते माहीत नसते. तो बिचारा स्वतःच्या क्षेत्रातल्या नोकऱ्यांना अर्जच करत नाही. एकीकडे तुम्ही त्याला काढता आणि दुसरीकडे दुसऱ्याने घेऊ नये अशी तजवीज करता. न्यायालयात उभे राहून ज्याचे समर्थन करता येणार नाही, असे वाक्य अशिलाच्या समाधानासाठी लिहिणे तुमच्या व्यवसायाला शोभत नाही.

बाकीच्या कलमांची नुसती नोंद करतो. करारातली एखादी अट मोडली असे कंपनीला वाटले, तर सगळी रक्कम व्याजासह परत. भविष्यात कंपनीवर दावा झाला तर विनामोबदला साक्षीला आणि मदतीला हजर राहायचे. वाद झाला तर कंपनी म्हणेल त्या शहरात, कंपनीने नेमलेल्या लवादापुढे. हे वाचताना प्रश्न पडतो, की नोकरी संपली ती नक्की कुणाची?

‘कुणी जबरदस्ती केली आहे का? पटत नसेल तर सही करू नका,’ हे उत्तर मला ठाऊक आहे. करारातही शेवटी ते वाक्य असतेच: मी हे वाचून, समजून, स्वेच्छेने, कोणत्याही दबावाविना मान्य करत आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या खटल्यात, वाटाघाटीचे बळ असमान असलेल्या दोघांत झालेला अन्याय्य करार न्यायालय अमलात आणणार नाही, असे सांगितले. ठिपक्यांच्या रेघेवर सही करा नाहीतर नोकरी सोडा, एवढाच पर्याय ज्याच्यापुढे आहे त्याची संमती कशी मोजायची, हा प्रश्न त्या निकालाच्या मुळाशी आहे. ब्रिटनने व्यवहार्य उत्तर शोधले. १९९६ च्या कायद्याप्रमाणे कर्मचाऱ्याला स्वतंत्र सल्लागाराचा सल्ला मिळाला असेल आणि त्या सल्लागाराचे नाव करारात असेल, तरच कायद्याने दिलेले हक्क सोडून देणारा समझोता वैध धरतात. सल्ल्याची फी बहुधा कंपनीच देते. त्याने कंपन्या बुडाल्याचे ऐकिवात नाही.

त्यामुळे माझ्या मागण्या तुम्हाला झेपणार नाहीत असे मला वाटत नाही. हक्काची सगळी देणी आधी, कोणत्याही सहीशिवाय खात्यात जमा करा, आणि त्यांचा हिशेब ओळीने लिहून द्या. सानुग्रह म्हणून जे जास्तीचे द्याल, फक्त त्याच्यासाठी करार मागा. वय काहीही असो, २१ दिवस द्या, सामूहिक कपातीत ४५ द्या, आणि सही मागे घ्यायला सात. कर्मचाऱ्याच्या पसंतीच्या वकिलाची एका सल्ल्याची फी भरा. राजीनामा लिहून घेऊ नका. गप्प राहायचे असेल तर दोघांनीही, आणि तक्रार करण्याचा, साक्ष देण्याचा, सहकाऱ्यांशी बोलण्याचा हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळा. टिकणार नाहीत ती कलमे काढून टाका. तुमचा व्यवसाय, तुमची गुपिते, तुमचा कोड यांचे रक्षण करणारे कायदे वेगळे आहेत आणि ते मला मान्य आहेत.

मनुष्यबळ विभागातल्या मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी हे कागद हातात देताना नजर चुकवलेली मी पाहिली आहे. पुढच्या फेरीत तुमचेही नाव असू शकते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. मसुदा वरून येतो हे खरे, पण मुदत वाढवून द्या, रजेचा हिशेब पुन्हा तपासा, त्याची कागदपत्रे त्याला द्या, असे वरच्यांना लेखी कळवणे तुमच्या हातात आहे.

आणि संचालकांनो, तुमच्या स्वतःच्या नियुक्तीच्या वेळीच तुम्ही बाहेर पडण्याच्या अटी ठरवून घेता. तुमचा वकील असतो, त्याची फी अनेकदा कंपनी भरते, परस्परांबद्दल वाईट न बोलण्याचे कलम दोन्ही बाजूंना सारखे असते, आणि ते ठरवायला तुम्हाला आठवडे मिळतात. माणसे कमी करण्याचा पुढचा प्रस्ताव तुमच्यापुढे येईल तेव्हा कर्मचाऱ्यांना द्यायच्या कराराचा मसुदाही त्यासोबत मागवा, शेवटच्या पानापर्यंत वाचा, आणि त्यातले कोणते कलम तुम्ही स्वतःसाठी मान्य केले नसते, ते बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवा. ती कलमे मग इतरांनाही देऊ नका.

कळावे,
एक माजी कर्मचारी